परत जाण्याचा पुरावा



आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' असे म्हणत नाही, 'येतो' असे म्हणतो. चुकून कोणी 'जातो' म्हणालाच तर घरातली म्हातारी माणसे त्याला उंबऱ्यावर थांबवून शब्द बदलून घेतात. परदेशी वकिलातीच्या खिडकीपाशी मात्र याच्या नेमके उलटे बोलावे लागते. तेथे येण्याचे कौतुक कोणाला नसते. 'मी तुमच्या देशातून जाईन, ठरल्या दिवशी जाईन, आणि जाईनच याचे हे कागद,' असे सांगावे लागते. आणि कागद अपुरे वाटले तर येणेही नाही आणि जाणेही नाही.

आजच्या विषयाला कोणी राजा किंवा सेनापती नायक नाही. नायिका म्हणा हवे तर, पण तीही अगदी साधी. तिचा नवरा, किंवा ज्याच्याशी लग्न ठरले आहे तो, किंवा लग्नाचा विधी न करताही ज्याच्याशी तिने आयुष्य जोडले आहे तो जोडीदार, समुद्रापलीकडे नोकरीला आहे. तिला तेथे कायमचे राहायचे नाही. येथे तिची शाळेतली नोकरी आहे, आई आहे, भाड्याची का होईना पण दोन खोल्यांची जागा आहे. दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे जाऊन यावे एवढीच तिची इच्छा. म्हणून ती पर्यटकाच्या व्हिशासाठी अर्ज करते. बँकेच्या खात्याचा उतारा, रजा मंजूर झाल्याचे पत्र, परतीच्या विमानाचे आरक्षण, विम्याचा कागद आणि त्याचे निमंत्रणपत्र असा सारा जुडगा ती जोडते. निमंत्रणपत्रात नाते लिहावे लागते. ती ते खरे लिहिते, आणि तिचे काम बिघडते ते येथेच.

कारण अधिकाऱ्याच्या मनात एक तराजू असतो. एका पारड्यात तिला मागे ओढणाऱ्या गोष्टी: नोकरी, आई, दोन खोल्या. दुसऱ्या पारड्यात तिला तिकडे धरून ठेवणाऱ्या गोष्टी. ज्या प्रवाशाला नुसते आयफेल टॉवर पाहायचे आहे त्याचे हे दुसरे पारडे रिकामे असते, कारण टॉवरच्या मायेने कोणी तेथे राहून गेल्याचे ऐकिवात नाही. हिच्या पारड्यात मात्र जिवंत माणूस बसलेला असतो. नाते लपवावे तर खोटे बोलल्याचा ठपका, आणि तो एकदा बसला की पुढचे अर्जही धोक्यात; नाते सांगावे तर तेच नकाराचे कारण. मला या अधिकाऱ्याला खलपुरुष ठरवायचे नाही. त्याच्यापाशी प्रत्येक माणसासाठी मोजकी मिनिटे असतात, आणि पर्यटक म्हणून जाऊन तेथेच राहिलेली माणसे त्याने पाहिलेली असतात. पण हा तराजू त्याने घडविलेला नाही. तो कोणी घडविला, कोणत्या गरजेपोटी घडविला, आणि त्यात माणसांची मने कशी तोलली गेली, हे आज आपण पाहू.

परवाना ही चीज जुनीच आहे. आपल्याकडे मराठी राज्यात वाटेवरच्या चौक्यांवर दस्तक दाखवावे लागे, राहदारीचा परवाना लागे. आज आपण मोटारींच्या गर्दीला 'रहदारी' म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात तो जुना परवाना अजून दडलेला आहे. व्हिसा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'पाहिलेला' एवढाच: कागद पाहिला, सोडायला हरकत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बराचसा प्रवास पासपोर्टावाचून चाले. १९१४ साली महायुद्ध पेटले, हेरांची भीती पसरली, आणि देशादेशांनी सरहद्दीवर फाटके बसविली. युद्ध संपल्यावर ती काढायची असे ठरत होते. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला एक परिषद भरली. तिने पासपोर्टाची बत्तीस पानी पुस्तिका कशी असावी ते ठरविले, आणि त्याच बैठकीत, युद्धापूर्वीची मोकळीक पुन्हा यावी अशी आशाही व्यक्त केली. पुस्तिका राहिली, आशेचे काय झाले ते आपण जाणतोच. हिंदुस्थानातही पासपोर्टाचा कायदा १९२० सालचाच. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या पासपोर्टांत बायको नवऱ्याच्या पुस्तिकेत सामावून जात असे, तिला वेगळी पुस्तिका लागतच असे असे नाही. सोय म्हणावी की अपमान, हे ज्याचे त्याने ठरवावे.

युद्धाने फाटक बसविले हे खरे, पण फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायकोला अडविण्याची युक्ती त्याआधीच निघाली होती, आणि तिचा पहिला मोठा फटका आपल्याच लोकांना बसला. १९१३ सालचा दक्षिण आफ्रिकेतला प्रसंग आपल्याला सत्याग्रहाच्या इतिहासातून ठाऊक आहे, पण तो या अंगाने आपण क्वचित पाहतो. तेथे राहणाऱ्या एका हिंदी मुसलमान गृहस्थाची पत्नी, बाई मरियम, नवऱ्याकडे राहायला निघाली. तिला प्रवेश नाकारला. प्रकरण केप प्रांताच्या न्यायालयात गेले आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे. एका ओळीने हिंदू, मुसलमान, पारशी अशी हजारो लग्ने पुसली गेली. ज्या बायका पंधरा-वीस वर्षे संसार करीत होत्या त्या कायद्याच्या लेखी कोणाच्याच कोणी उरल्या नाहीत. वास्तविक सरकारचा हेतू विवाहसंस्थेचे तत्त्वज्ञान सांगण्याचा नव्हताच. हिंदी वस्ती वाढू नये एवढाच हेतू होता. आणि वस्ती वाढू द्यायची नसेल तर बायकांना अडविणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

या निकालाच्या आदल्याच वर्षी, १९१२ च्या ऑक्टोबरात, आपले गोपाळ कृष्ण गोखले आफ्रिकेचा दौरा करून आले होते. तीन पौंडांचा कर उठेल असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत होती. ते पाळले गेले नाही आणि वर हा निकाल आला. गांधीजींनी त्याचा अर्थ कस्तुरबांना समजावून सांगितला. आजवर बायकांना तुरुंगापासून दूर ठेवणारी चळवळ तेव्हा बदलली. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातली मंडळी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली. त्यांत कस्तुरबा होत्या. फोक्सरस्टला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. गोखले तोवर आजारी होते, तरी त्यांनी देशभर या लढ्यासाठी पैसा उभा केला. १९१४ च्या कायद्याने आपल्या धर्मविधीने झालेला विवाह मान्य झाला, पण एकाच पत्नीपुरता. आपली पत्नी ही आपली पत्नी आहे, एवढे सिद्ध करायला माणसांना तुरुंगात जावे लागले.

कॅनडाची तऱ्हा अधिक धूर्त होती. १९०८ च्या नियमाने, मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असे ठरले. आणि हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जहाज नव्हतेच. बायकोला येऊ देणार नाही असे कोठे लिहिलेले नाही; फक्त ती येऊ शकत नाही. व्हँकुव्हरकडचे शीख लाकूडकामगार वर्षानुवर्षे एकटे राहिले. बायकामुलांना आणण्याची मुभा त्यांना पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास मिळाली, तीही बादशाही परिषदांत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी प्रश्न लावून धरल्यावर.

इथपर्यंत फाटकावरचा प्रश्न एकच होता: तू खरोखर बायको आहेस काय? आता अमेरिकेकडे वळू, कारण दुसरा आणि उलटा प्रश्न तेथे जन्मला.

१९२४ च्या अमेरिकी कायद्याने बाहेरून येणाऱ्या माणसांचे दोन वर्ग केले. कायमचे राहायला येणारे, आणि न राहणारे. यातले मर्म असे की, कायद्याने दुसऱ्या वर्गाची यादी दिली आणि त्या यादीत न बसणारा प्रत्येक जण पहिल्या वर्गातला, असे ठरविले. पाहुणा हा अपवाद झाला. पर्यटक म्हणून थोडे दिवस येणारा माणूस हा त्या यादीतला एक प्रकार. १९५२ साली, अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून, अमेरिकी काँग्रेसने जो मोठा कायदा केला त्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले: येणारा प्रत्येक परका कायमचा राहायला येत आहे असेच गृहीत धरावे, तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. पर्यटकाने दाखवावयाचे ते असे की, परदेशात आपले घर आहे आणि ते सोडण्याचा आपला विचार नाही. आपल्या फौजदारी न्यायात आरोपी निर्दोष आहे असे धरून चालतात. वकिलातीच्या खिडकीपाशी ते धरणे उलटे आहे, आणि गुन्हाही असा की जो अजून घडलेला नाही. न घडलेल्या गोष्टीच्या हेतूचा न-पुरावा द्यायचा, हे तर्कशास्त्रात कसे बसते ते नैयायिकांनी सांगावे.

कायदा नात्यापेक्षा वर्गाकडे कसा पाहतो याचे एक उदाहरण त्याच काळातले आहे. २५ मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्हींत चिनी स्त्रिया नवऱ्याकडे निघालेल्या. एकीचा नवरा अमेरिकेत राहणारा चिनी व्यापारी. चीनशी झालेल्या जुन्या तहामुळे तिला प्रवेश मिळाला. दुसरीचा नवरा अमेरिकेचा नागरिक. तिला मिळाला नाही. परक्या व्यापाऱ्याची बायको आत आणि आपल्याच नागरिकाची बायको बाहेर! कायद्याच्या शब्दांत ते बरोबर बसत होते, यातच सगळे आले.

आणि एलेन क्नाउफ. तिची हकीकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते. जर्मनीत जन्मलेली ही बाई नाझींच्या काळात देश सोडून निघाली, इंग्लंडात निर्वासित म्हणून आली, तेथे विमानदलात तिने नोकरी केली, आणि युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी कारभारात काम करू लागली. १९४८ साली तिने वरिष्ठांच्या परवानगीने एका अमेरिकी नागरिकाशी लग्न केले; तो युद्धात लढलेला सैनिक होता. सैनिकांच्या परदेशी बायकांना सुलभ प्रवेश मिळावा म्हणून अमेरिकेने १९४५ मध्ये खास कायदा केला होता. त्या भरवशावर ती ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली आणि तिला एलिस बेटावर अडकवून ठेवले. कारण? ते गुप्त होते. सुनावणीही नाही. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली: दाराशी उभ्या असलेल्या परक्याला काँग्रेसने जेवढी प्रक्रिया दिली तेवढीच त्याच्या वाट्याची. वृत्तपत्रांनी गवगवा केला, काँग्रेसमध्ये तिच्यासाठी विधेयके आली, अखेर सुनावणी झाली आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये तिला प्रवेश मिळाला. तीन वर्षे गेली. बेटावरून न्यूयॉर्क शहर दिसते.

आता आपल्या घराच्या अगदी जवळचा भाग. १९९० नंतर पुण्या-मुंबईचे तरुण अभियंते मोठ्या संख्येने अमेरिकेला जाऊ लागले. १९९० च्या कायद्याने त्यांच्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिशावर बायकोला सोबत नेता येत होते. पुढे त्यातल्या कोणाला कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आपण ज्याला ग्रीन कार्ड म्हणतो ते मिळे. आणि तेव्हा तो अविवाहित असला तर त्याची खरी परवड सुरू होई. सुटीवर येऊन त्याने लग्न केले की बायकोचा अर्ज रांगेत लागे, आणि ही रांग त्या दशकात काही वर्षांची, प्रसंगी चार-पाच वर्षांची होती. मग तोवर पर्यटक म्हणून भेटायला तरी जावे? ते तर मुळीच शक्य नसे, कारण रांगेतला तो अर्ज हाच ती राहायला येऊ पाहते याचा लेखी पुरावा. तात्पुरत्या नोकराची बायको तिकडे, आणि कायमच्या रहिवाशाची बायको डेक्कन जिमखान्यावर सासूसोबत. स्थळे पाहताना 'ग्रीन कार्ड आहे का' या प्रश्नाचे उत्तर 'अजून नाही' असे आले तर जाणत्या वधुपित्याला हायसे वाटावे, अशी ही चमत्कारिक अवस्था होती. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने तीन वर्षांहून अधिक काळ ताटकळलेल्यांसाठी एक खास व्हिसा काढला, पण तो त्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांपुरताच. म्हणजे दु:ख मान्य झाले, पुढच्यांचे नव्हे.

येथे दोन्ही प्रश्न एकमेकांसमोर उभे केलेले दिसतात. राहायला जाणाऱ्या बायकोने सिद्ध करायचे की तिचे नाते खरे, घट्ट आणि न तुटणारे आहे. भेटायला जाणाऱ्या त्याच बायकोने सिद्ध करायचे की ते नाते इतके घट्ट नाही की तिला तेथे धरून ठेवील. एकाच कपाटातले फोटो आणि पत्रे एका खिडकीवर आधार, दुसऱ्या खिडकीवर आरोप. दोन्ही खिडक्या पुष्कळदा एकाच इमारतीत असतात.

अलीकडची गोष्ट म्हणून एवढेच सांगतो की, २१ जून २०२४ रोजी मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले: नागरिकाला विवाहाचा हक्क आहे, परंतु आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नाही. एलेन क्नाउफच्या निकालाला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

इंग्लंडचा दोष वेगळ्या जातीचा. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. तेथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी तिचे लग्न व्हायचे होते. त्या वेळी नियम असा होता की, तीन महिन्यांत लग्न करणार असलेल्या वधूला आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे. लग्न झालेल्या बायकोला मात्र ते लागे, आणि त्यासाठी उपखंडातल्या कचेऱ्यांत लांब रांगा असत. अधिकाऱ्यांना संशय आला की ही अगोदरच विवाहित असावी. तो संशय फेडण्यासाठी विमानतळावर एका पुरुष डॉक्टरकडून तिची कौमार्यतपासणी करण्यात आली. १ फेब्रुवारीला 'गार्डियन' पत्राने ही बातमी छापली, भारत सरकारने निषेध केला, आणि ती पद्धत बंद केल्याचे ब्रिटिश गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे त्यांच्याच दप्तरांतून उघड झाले. तपासणीमागची समजूत पाहा: भारतीय स्त्री अविवाहित असेल तर तिचे शरीर अमुक प्रकारचे असलेच पाहिजे. कागदावर विश्वास नाही म्हणून शरीराचाच कागद केला.

त्यानंतर नवऱ्यांची पाळी आली. १९८० च्या दशकातल्या नियमांनी इंग्लंडात राहणाऱ्या स्त्रीशी लग्न करून येऊ पाहणाऱ्या पुरुषावर हे सिद्ध करण्याचा भार टाकला की, त्या लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणे हा नव्हता. आता हेतू कसा दाखवावा? प्रेमपत्रे सादर झाली, टेलिफोनची बिले सादर झाली, आणि न्यायासनासमोर परक्यांनी ती वाचली. तीन स्त्रिया स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्कांच्या न्यायालयात गेल्या. नवऱ्यांना बायका आणणे सोपे आणि बायकांना नवरे आणणे अवघड, हा लिंगभेद आहे, असा निकाल त्यांना २८ मे १९८५ रोजी मिळाला. परंतु जोडप्याने संसारासाठी जो देश निवडला त्याने तो मान्य केलाच पाहिजे असे बंधन राष्ट्रावर नाही, असेही न्यायालय म्हणाले. ब्रिटिश सरकारने निकाल पाळला तो कसा? नवऱ्यांची वाट सोपी केली नाही, बायकांची वाट नवऱ्यांइतकीच अवघड केली. समता झाली! तो 'मुख्य हेतू'चा नियम १९९७ साली सरकार बदलल्यावर रद्द झाला.

इंग्लंड-अमेरिकेला नावे ठेवणे आपल्याला सोपे जाते, तेव्हा थोडे घरातही पाहू. जुलै १९४८ मध्ये आपण पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाने लावले, आणि ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाले. रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान घराणी मुंबई आणि कराची अशी दोन्हीकडे विखुरलेली होती. कालपर्यंत बोटीने केलेला प्रवास उद्या परदेशगमन झाला. या दोन देशांचा व्हिसा देशाचा नसतो, शहरांचा असतो: अमुक गावी जाता येईल, तमुक गावी नाही, आणि पोहोचल्यावर पोलीसचौकीत वर्दी द्यायची. १९७४ चा करार, २०१२ चा अधिक सैल करार, आणि मध्ये प्रत्येक युद्धानंतर पुन्हा बंद दारे, असा हा हिशेब आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला निरपराध माणसांची हत्या झाली, त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द केले. राष्ट्राला त्या घडीला काय करणे भाग असते याची चर्चा येथे नको. पण माहेरचा पासपोर्ट आणि पलीकडचे सासर अशा बायका आणि त्यांची मुले अटारीच्या फाटकाशी वेगवेगळ्या रांगांत उभी राहिली, हेही त्याच आठवड्याच्या इतिहासात लिहावे लागेल.

आपल्या न्यायालयांनी एक मोलाची गोष्ट केली आहे ती नोंदवितो. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे ही सरकारची मर्जी समजली जाई. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि सरकारला त्याच साली पासपोर्टाचा कायदा करावा लागला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने तो पाया पक्का केला. पण या हक्काची लांबी आपल्या सरहद्दीपर्यंतच आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचीही तीच गत. तेरावे कलम म्हणते, कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सोळावे म्हणते, विवाहाचा आणि कुटुंबाचा हक्क आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क कोणत्याच कलमात नाही. निघता येते, लग्न करता येते. पोहोचण्याचे काय, यावर जाहीरनामा गप्प आहे.

शेवटी युरोप. शेंगेन नावाच्या लक्झेंबर्गमधल्या लहानशा गावी १९८५ साली करार झाला, आणि १९९५ पासून तेथल्या देशांमधली आतली फाटके उघडू लागली. आतली उघडली तशी बाहेरची पक्की झाली. २०१० पासून लागू झालेल्या त्यांच्या व्हिसासंहितेने काही चांगले केले: नकाराचे कारण छापील कागदावर कळवावे लागते, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. अमेरिकी खिडकीवर पर्यटकाला ही सोय नाही. परंतु त्या कागदावरच्या कारणांत एक कारण असते की, मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. कोणती शंका आणि ती का वाजवी, हे पुष्कळदा त्या चौकोनातल्या खुणेपलीकडे सांगितलेले नसते. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले, विमा ३०,००० युरोंचा, आणि राहायचे ते कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस. १९२५ ची गंमत येथेही नव्या रूपात सापडते. जर्मन माणूस स्पेनमध्ये राहत असेल तर त्याच्या भारतीय बायकोला त्याच्याकडे जायला २००४ च्या युरोपीय निर्देशाप्रमाणे विनाशुल्क आणि त्वरेने व्हिसा मिळावा लागतो. तोच माणूस आपल्या मायदेशी, म्युनिकला राहत असेल तर तो निर्देश लागू नाही आणि बायको पुन्हा परतीच्या पुराव्यांच्या रांगेत.

२०२० च्या महामारीत ही सारी व्यवस्था उघडी पडली. युरोपची दारे बंद झाली, 'अत्यावश्यक' प्रवासालाच मुभा राहिली. विवाहितांना बऱ्याच देशांनी सूट दिली, पण लग्नाचा कागद नसलेली जोडपी पर्यटकांत मोजली गेली आणि पर्यटन अत्यावश्यक नाही. तेव्हा निरनिराळ्या देशांतली ही विखुरलेली माणसे एकत्र येऊन म्हणू लागली की प्रेम म्हणजे पर्यटन नव्हे. डेन्मार्कने त्या उन्हाळ्याच्या आरंभी शेजारच्या देशांतल्या जोडीदारांना वाट करून दिली; प्रथम नात्याचा पुरावा म्हणून फोटो आणि संदेश दाखवावेत असे ठरले, त्यावर टीका झाली, मग लेखी प्रतिज्ञापत्रावर भागले. जर्मनीने १० ऑगस्टपासून सूट दिली: दोघांनी सही केलेले निवेदन, आणि पूर्वी एकदा तरी जर्मनीत भेट झाल्याचा किंवा परदेशी एकत्र राहिल्याचा पुरावा. नाते हे आत येण्याचे कारण म्हणून लग्नाच्या कागदावाचून येथे मान्य झाले, ते अशा आणीबाणीत.

पुढे दारे उघडली आणि त्या सवलतीची गरज राहिली नाही असे समजले गेले. आमची ती शिक्षिका आता पुन्हा नेहमीचाच अर्ज भरते. प्रवासाच्या हेतूच्या रकान्यात पर्यटन आहे, व्यवसाय आहे, उपचार आहे, खेळ आहे, आणि 'कुटुंबीय किंवा मित्र यांची भेट' असा एक चौकोन आहे. लग्न झालेले नसले तरी ती त्यातच खूण करते. सोबत आईच्या आजारपणाचे कागद जोडावेत, म्हणजे परत येण्याचे कारण भक्कम दिसेल, असे तिला कोणीतरी सुचविलेले असते, आणि आई आजारी नाही म्हणून ती तेवढे जोडत नाही.